प्लग-इन : मुख्य प्रणालीच्या दिमतीस

छायाचित्र-संपादनाच्या मुख्य प्रणालीत जे काम निवडीच्या रेषा आखीत आणि थरांवर थर चढवीत दहा-बारा पायऱ्यांनी करावे लागते, तेच दोन-तीन हालचालींत उरकावे म्हणून तिच्या दिमतीस जी छोटी पूरक प्रणाली जोडतात, तिला प्लग-इन म्हणतात. अशांपैकी ‘निक कलेक्शन’ हा संच २०१२ मध्ये गूगलकडे गेला, २०१६ मध्ये विनामूल्य खुला झाला आणि २०१७ मध्ये डीएक्सओ या फ्रेंच कंपनीच्या ताब्यात आला.

त्यातील ‘कंट्रोल पॉइंट’ ही योजना मला विशेष मोलाची वाटते. ओसरीच्या सावलीत बसलेल्या आजीचा चेहरा काळवंडला असेल, तर तिच्या गालावर एक बिंदू ठेवावा, भोवतीचे वर्तुळ बेताचे करावे आणि उजेड वाढवावा. वर्तुळातील जो भाग रंगाने व उजळपणाने गालाशी मिळताजुळता असेल तेवढाच प्रामुख्याने उजळतो, आणि मागची निळी भिंत व लुगड्याचा हिरवा काठ बहुतांशी अबाधित राहतात. चेहऱ्याची कड न् कड कोरून काढण्याचा खटाटोप त्यामुळे वाचतो. कृष्णधवल चित्रांसाठी याच संचात ‘सिल्व्हर एफेक्स’ आहे.

एक तजवीज मात्र कटाक्षाने करावी : प्लग-इनचा परिणाम स्वतंत्र थरावर उतरवून घ्यावा, म्हणजे आजीच्या सुरकुत्या पुसट होऊन कातडी मेणासारखी दिसू लागलीच, तर त्या थराची अपारदर्शकता निम्म्यावर आणता येते आणि खालचे मूळ चित्र शाबूत राहते.