चांगली शेवंड कोठे मिळते?



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्ता यांवरच बोलणार, असे धरून श्रोते येतात. त्यांची आज थोडी निराशा होईल. मी शेवंडीवर बोलणार आहे. इंग्रजी शिकलेली मंडळी जिला लॉब्स्टर म्हणतात तीच ही शेवंड. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढे जे काही शिकलो ते थोडे सार्वजनिक वाचनालयात आणि पुष्कळसे हॉटेलांच्या भटारखान्यांत. हॉटेल-कामगारांच्या संघटनेचे काम मी तीस वर्षे करतो आहे. त्यामुळे हॉटेलात मी पुढच्या दाराने कमी आणि मागच्या दाराने जास्त गेलो आहे. आणि खाण्याच्या पदार्थाबद्दलचे सत्य बहुधा मागच्या दाराशीच आधी कळते.

पुष्कळ लोक मला विचारतात, “मुंबईत शेवंड चांगली कुठे मिळते?” त्यांना एखाद्या हॉटेलाचे नाव हवे असते. पण नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही. एकाच हॉटेलात मंगळवारी उत्तम आणि शुक्रवारी सुमार शेवंड मिळू शकते, कारण माल समुद्रातून येतो, कारखान्यातून नव्हे. चांगली शेवंड पाटी पाहून सापडत नाही, विचारून सापडते. तेव्हा काय विचारावे, आणि मिळालेले उत्तर खरे आहे हे कशावरून ओळखावे, एवढेच मी आज सांगणार आहे.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. चित्रांत आपण जी लॉब्स्टर पाहतो तिला पुढे दोन जाडजूड नांग्या असतात. ती उत्तर अटलांटिक महासागरातली. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला तसल्या नांग्या नसतात. तिला असतात त्या लांब, काटेरी मिशा. मुंबईच्या समुद्रात मुख्यतः जी मिळते ती मळकट हिरव्या रंगाची असून तिच्या शेपटीवर पांढरे आडवे पट्टे असतात. नांग्या नाहीत म्हणजे नांग्यांतले मांसही नाही. खाण्याजोगा जवळजवळ सगळा ऐवज शेपटीत. दुसरी एक जात चपटी असते. तिला मिशांच्या जागी फावड्यासारखी दोन पाती असतात. तीही चवीला चांगली, पण ती वेगळी आणि आकाराने लहान. पहिलीच्या भावात दुसरी घेऊ नये, इतके लक्षात ठेवले तरी पुरे.

आता हिशेब. कामगार पुढाऱ्याच्या भाषणात हिशेब नसेल तर ते भाषणच नव्हे! केंद्र सरकारने २००३ साली शेवंडीच्या निर्यातीसाठी किमान वजने ठरवून दिली. मुंबईकडच्या या पट्टेवाल्या जातीची अख्खी शेवंड किमान ३०० ग्रॅम असावी, आणि नुसती शेपटी पाठवायची तर ती किमान ९० ग्रॅम असावी, असा तो नियम. या दोन आकड्यांतच गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे गणित आहे. अख्ख्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी वजन शेपटीचे, आणि तेही कवचासकट. म्हणजे ६०० ग्रॅमच्या शेवंडीत शेपटी सुमारे १८० ग्रॅम. ती चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला कवचासह ४५ ग्रॅम. दरपत्रकावर शेवंडीपुढे बहुधा आकडा नसतोच, ‘बाजारभावाप्रमाणे’ असे लिहिलेले असते. तेव्हा मागणी देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: भाव कशावर, कच्च्या वजनावर की नगावर? आजची शेवंड किती वजनाची? आणि ती आमच्यासमोर तोलून दाखवाल का? यात लाजण्यासारखे काही नाही. सोने घेताना आपण काट्याकडे पाहतोच की नाही?

भावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न ताजेपणाचा. मेलेल्या शेवंडीचे मांस फार लवकर बिघडते. तिच्या पोटातले पाचक रस तिच्याच मांसावर चालू लागतात आणि जंतूंचे काम सोपे होते. म्हणून भटारखान्यात ती जिवंत यावी, किंवा पकडल्याबरोबर नीट बर्फात घातलेली असावी. जिवंत शेवंड पाठीला धरून उचलली की शेपटी पोटाखाली जोराने आपटते. शेपटी नुसती लोंबत राहिली तर समजावे की तिचे बळ संपले आहे. कवच बाजूने किंचित दाबून पाहावे. ही जनावरे वाढताना जुने कवच टाकतात. नुकतीच कात टाकलेली शेवंड मऊ लागते, आणि तिचे मांस पाणचट व कमी असते. काही ठिकाणी काचेच्या हौदात शेवंडी सोडलेल्या दिसतात. हौद दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. हौदात बरेच दिवस उपाशी काढलेली शेवंड जिवंत असते खरी, पण आतून वाळत चाललेली असते. म्हणून ‘जिवंत आहे का’ याच्या जोडीला ‘कधी आली’ हेही विचारावे.

शिजून आलेल्या ताटातही खुणा असतात. ताज्या शेवंडीची शेपटी शिजल्यावर घट्ट वळते. मांस पांढरेशुभ्र, वर लालसर झाक, आणि दाताखाली किंचित उसळणारे. ते पिठासारखे भुसभुशीत झाले असेल किंवा अमोनियाचा उग्र वास येत असेल, तर ताट परत करावे. मसाला कितीही चांगला असो. रबरासारखे लागले तर माल ताजा असेल, पण आचाऱ्याने ती आचेवर जास्त ठेवली. आणि हो, लाल रंगावरून काहीच ठरत नाही. हे लाल द्रव्य शेवंडीच्या कवचात मुळातच असते. जिवंतपणी ते एका प्रथिनाशी बांधलेले असल्यामुळे हिरवट-निळसर दिसते. उष्णतेने ते बंधन सुटले की लाल रंग उघडा पडतो. शिळी शेवंडही शिजली की लालच होते.

आता पदार्थांकडे वळू. मुंबईत शेवंड मुख्यतः तीन वळणांनी रांधली जाते. एक आपले मालवणी आणि कोळी वळण: भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटण, तिखट मसाला आणि कोकम. विलेपार्ल्याचे गजाली हे मालवणी पद्धतीचे हॉटेल पुष्कळांना ठाऊक आहे. दुसरे मंगळुरी वळण, म्हणजे ओले खोबरे आणि लाल मिरची यांची गस्सी. फोर्टातले महेश लंच होम या घराण्यातले. याच फोर्ट-काळा घोडा भागात लोणी, लसूण आणि मिरी यांत मासळी घोळण्याची तऱ्हा रुळली. तृष्णा हे हॉटेल तशा खेकड्यासाठी नावाजले, आणि तीच तऱ्हा शेवंडीलाही लागू पडली. तिसरे वळण साहेबी, आणि त्याचा राजा ‘थर्मिडोर’.

या थर्मिडोरची कथा माझ्यासारख्याला सांगितल्यावाचून राहवत नाही. थर्मिडोर हा फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगातला उन्हाळ्याचा महिना. त्याच महिन्याच्या नवव्या दिवशी, म्हणजे २७ जुलै १७९४ रोजी, रोबेस्पियरची सत्ता उलथली. पुढे व्हिक्तोरियन सार्दू या नाटककाराने या घटनेवर नाटक लिहिले. ते १८९१ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले, त्यावरून गोंधळ माजला आणि सरकारने ते बंद पाडले. शेवंडीच्या या पदार्थाला नाव मिळाले ते त्या नाटकावरून, असे मानतात. ज्या महिन्यात माणसांची डोकी उडाली, तो महिना आज चीज आणि मलई लावून धनिकांच्या ताटात येतो! इतिहास असाही पचवला जातो.

पण पदार्थाचे मर्म समजून घ्या. थर्मिडोरमध्ये मांस कवचातून काढतात, त्याचे तुकडे करतात, मलई, मोहरी आणि दारू घातलेल्या दाट रसात कालवतात, पुन्हा कवचात भरतात आणि वर चीज घालून भाजतात. चांगल्या हाताने केले तर उत्तमच लागते. परंतु कवच तेवढेच राहते आणि आतले मांस किती, हे झाकले जाते. दाट मसाल्याच्या कालवणाचेही तेच. म्हणून माझा सल्ला असा: अनोळखी हॉटेलात पहिल्या खेपेला सर्वांत साधा प्रकार मागवावा. शेवंड उभी चिरून, लोणी-लसणीत किंवा नुसत्या मीठ-हळदीत तव्यावर भाजलेली. साधेपणात लबाडीला जागा नसते. तेथे विश्वास बसला की मग कालवण मागवा, थर्मिडोर मागवा.

शेवंडीचा जीव जाण्याविषयीही बोलले पाहिजे. जिवंत शेवंड उकळत्या पाण्यात टाकणे स्वित्झर्लंडने २०१८ सालापासून बंद केले. आधी तिला बधिर करावे लागते. जाणते आचारी तिला आधी बर्फाच्या पाण्यात सुस्त करतात आणि मग एका घावात चिरतात. ही रीत दयेची आहे. आणि धडपड टळल्याने आचाऱ्याच्या हातांनाही काटे लागत नाहीत.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याशी येतो. वर सांगितलेले सर्व प्रश्न तुम्ही विचारणार कोणाला? मालक गल्ल्यावर असतो, आचारी आत असतो. तुमच्यासमोर उभा असतो तो वाढपी. शेवंड कधी आली, कोणी आणली, सकाळी तिची शेपटी हलत होती की नाही, हे सर्व त्याला ठाऊक असते. प्रश्न इतकाच की ते सांगायला तो मोकळा आहे का? महाग पदार्थ इतके खपलेच पाहिजेत असा हुकूम ज्याच्या डोक्यावर आहे, आणि उद्या ये असे म्हणतील की नाही याची ज्याला खात्री नाही, तो शिळ्या शेवंडीलाही ‘एकदम ताजी, साहेब’ असेच म्हणणार. तो खोटारडा नव्हे. तो भ्यालेला आहे. उलट ज्याची नोकरी कायम आहे, पगार वेळेवर आहे आणि दहा-दहा वर्षे जो एकाच ठिकाणी काम करतो आहे, तो हळूच वाकून म्हणतो, “आज शेवंड राहू द्या, रावस घ्या.” ज्या हॉटेलात हे वाक्य ऐकू येते, तेथे दुसऱ्या दिवशी जाऊन निश्चिंतपणे शेवंड मागवावी. तीस वर्षांत मला याहून खात्रीची कसोटी सापडलेली नाही.

म्हणून आत शिरल्यावर भिंतीवरची चित्रे पाहू नका, वाढप्याला विचारा, “येथे किती वर्षे आहात?” बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली ते उचलून धरले. गिऱ्हाईक म्हणून तुमचा तो हक्क आहे. पण ज्याने खरे सांगून तुमचे पैसे आणि पोट वाचवले, त्याच्या हातावर स्वखुशीने काही ठेवायला कोणताही कायदा आड येत नाही.

शेवटी समुद्राविषयी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या दिवसांत ‘आजची ताजी’ असे कोणी म्हणाले तर कोठून आली हे अवश्य विचारावे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला, ससून डॉकवर आणि भाऊच्या धक्क्यावर पहाटेचे लिलाव पुन्हा गजबजले, म्हणजे शेवंडीचे दिवस आले असे समजावे. आणि एक पथ्य पाळावे. शेपटीच्या खालच्या बाजूला नारिंगी अंड्यांचा घोस असलेली मादी कोणी दाखवली तर ती नाकारावी. त्या घोसात लाखांनी अंडी असतात. त्यांतून निघणारी पिले पानासारखी पातळ आणि पारदर्शक असतात. ती महिनोन्‌महिने पाण्यावर तरंगतात, आणि त्यांतली फारच थोडी जगतात. मघाशी सांगितलेली ती चपटी शेवंड मुंबईच्या समुद्रात एके काळी भरपूर मिळे. ट्रॉलरांनी अंडीवाल्या माद्यांसकट तिचा इतका उपसा केला की १९९० नंतरच्या काही वर्षांतच तिची मासेमारी जवळजवळ संपली. कोळ्यांच्या हातचे काम गेले, आणि हॉटेलांच्या ताटातला पदार्थही गेला.

भाव आधी विचारावा, वजन डोळ्यांनी पाहावे, पहिल्यांदा साधे मागवावे, अंडीवाली नाकारावी आणि वाढप्याला माणूस समजून बोलावे. यांतली पहिली चार पथ्ये तुमच्या खिशासाठी, जिभेसाठी आणि समुद्रासाठी आहेत. पाचवे पाळले की ती चारही सोपी होतात.