पाच वाजताचा लाडू पाच रुपयांना का विकू नये?



पाच वाजले, दप्तर कोपऱ्यात पडलं, की "आई, खायला काय आहे?" साताऱ्यात काय नि सांगलीत काय, घरोघरी प्रश्न एकच. घरात काही तयार नसलं की पोरगं पाच रुपये घेऊन दुकानात पळतं आणि फुगलेलं पाकीट घेऊन येतं. या भुकेवर घरबसल्या व्यवसाय उभा राहू शकतो का? राहतो. पण आधी वहीत हिशोब मांडा, मग कढई चढवा.

माल आपल्याच भागातला

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे द्राक्षं शेडमधल्या जाळ्यांवर वाळवून बेदाणा करतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गूळ कराडचा घ्या. बेदाणा आकाराने बारीक असला तरी चालेल, लाडवात तो वाटलाच जाणार. फक्त स्वच्छ हवा आणि आंबूस वास नको.

कृती: ना ओव्हन, ना पाक

शेंगदाणे २५० ग्रॅम, डाळवं १०० ग्रॅम, बेदाणे १०० ग्रॅम, चिरलेला गूळ १०० ग्रॅम, तूप २० ग्रॅम.

शेंगदाणे मंद आचेवर भाजा, गार करा, सालं काढा. बेदाणे धुऊन कापडावर पूर्ण कोरडे करा. ओलावा राहिला तर लाडू लवकर खराब होतो. शेंगदाणे आणि डाळवं मिक्सरमध्ये जाडसर फिरवा. मग गूळ आणि बेदाणे घालून थांबून-थांबून फिरवा. शेंगदाण्याला तेल सुटतं, बेदाणा चिकटपणा देतो. तूप घालून वीस-वीस ग्रॅमचे लाडू वळा. साधारण २८ होतात. लहान मुलांसाठी अख्खा शेंगदाणा किंवा अख्खा बेदाणा वर लावू नका, घशात अडकू शकतो.

आता खरा विषय: उरतात किती?

पुढचे भाव उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला. समजा शेंगदाणे ४० रुपयांचे, बेदाणे ४०, डाळवं १२, गूळ ६, तूप १४. झाले ११२ रुपये, म्हणजे लाडवाला चार रुपये. इथंच बऱ्याच ताई म्हणतात, "पाचला विकू, एक रुपया सुटला!"

थांबा. गॅसचे १० रुपये? तुमच्या एका तासाची मजुरी, समजा ६०? प्रत्येक लाडवाला वेगळं पाकीट आणि लेबल, रुपयाप्रमाणे २८? बेरीज २१०. लाडू पडला साडेसात रुपयांना! पाचला विकाल तर प्रत्येक लाडवामागे अडीच रुपये तुमच्या खिशातून जातात. दहाला विकला आणि दुकानदाराने दोन रुपये कमिशन घेतलं, तर उरले फक्त पन्नास पैसे.

म्हणून पाच रुपयांच्या पाकिटाशी शर्यत लावूच नका. पाकीट पोरगं विकत घेतं, तुमचा डबा आई विकत घेते. गिऱ्हाईक वेगळं, भाव वेगळा.

एकदम चौपट घाणा करा: ११२ लाडू. कच्चा माल ४४८, गॅस २०, दोन तासांची मजुरी १२०, पाच डबे ६० रुपयांचे. एकूण ६४८. वीस लाडवांचा डबा २०० रुपयांना, आठवड्याच्या ऑर्डरवर. पाच डब्यांचे हजार आले, ३५२ उरले, मजुरी वेगळी मिळाली. वर १२ लाडू राहिले, ते चवीला वाटायला.

नियम सोपे आहेत, टाळू नका

विक्री सुरू करण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी करा. अर्ज ऑनलाइन होतो, १४ अंकी क्रमांक मिळतो, तो लेबलवर छापायचा. शिवाय पदार्थाचं नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख आणि शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण. "शेंगदाणे आहेत" हे ठळक लिहा, काही मुलांना त्याची ॲलर्जी असते.

आणि एक, "शुगर-फ्री" लिहू नका! गूळ म्हणजेसुद्धा साखरच. २०२० च्या नियमांनुसार शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला बंदी आहे. म्हणून शाळेच्या दारात उभं राहण्यापेक्षा पालकांच्या ऑर्डर घ्या.

लाडू किती दिवस टिकतो, हे अंदाजाने छापायचं नाही. पहिल्या घाण्यातले काही लाडू डब्यात ठेवा, रोज एक चाखा आणि तारखेसह लिहून ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

डबे, लेबलं, लोगो, काही विकत घेऊ नका. एक घाणा करा, गल्लीतल्या पाच-सहा पोरांना पाच वाजता द्या आणि गप्प बघा. "छान आहे" म्हणतील, ते धरू नका. दुसरा लाडू मागायला हात पुढं येतो का? आला, तर वही उघडा आणि तुमच्या भावाने वरचा हिशोब पुन्हा मांडा. मजुरीचा रकाना मात्र रिकामा सोडायचा नाही, ताई. तो तुमचा आहे.