सिगारेटचा गल्ला मोठा, नफा छोटा
१ फेब्रुवारी २०२६ च्या करबदलानंतर छोट्या दुकानदाराने काय सांभाळावे?

नामपूर हे बागलाण तालुक्यातील मोसम नदीकाठचे बाजाराचे गाव. बाजार समितीत कांद्याची आवक सुरू झाली की ट्रॅक्टर, पिकअप आणि ट्रकची वर्दळ वाढते. शेतकरी, हमाल, ड्रायव्हर व व्यापारी यांच्या येण्याजाण्यावर चहाची हॉटेले, किराणा दुकाने आणि पानटपऱ्या चालतात. नामपूर असो, सटाणा असो की मालेगाव, अशा छोट्या धंद्यांवर आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा संसार चालतो. या दुकानांच्या गल्ल्यात बिडी-सिगारेटचा पैसा रोज येतो आणि रोजच घाऊक व्यापाऱ्याकडे परत जातो. दुकानदाराच्या हाती राहते ते थोडेच. कर वाढतो तसा गल्ला फुगतो, भांडवल जास्त अडकते, पण नफा त्या प्रमाणात वाढत नाही. ही गोष्ट नीट समजून न घेतल्यास नुकसान ठरलेले आहे.

नवा कर कसा आहे?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हापासून सिगारेटवर २८ टक्के जीएसटी आणि त्याशिवाय भरपाई उपकर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने दरांची फेररचना केली. बहुतेक मालाचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आले, सिगारेट-बिडीचे मात्र मागे ठेवण्यात आले. ते १ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाले. सिगारेटवरचा भरपाई उपकर गेला, जीएसटी ४० टक्के झाला आणि हजार सिगारेटमागे २,०५० ते ८,५०० रुपये केंद्रीय उत्पादन शुल्क बसले. म्हणजे एका सिगारेटमागे २ रुपये ५ पैशांपासून साडेआठ रुपयांपर्यंत. हे शुल्क सिगारेटच्या लांबीवर ठरते. ६५ मिलिमीटरपर्यंतच्या सिगारेटवर ते सर्वांत कमी असते, म्हणून कंपन्या आखूड सिगारेटही बाजारात आणतात.

साधा हिशेब पाहा. गिऱ्हाइकाने पाकिटासाठी १०० रुपये दिले आणि त्यावर टप्प्याटप्प्याने पूर्ण जीएसटी भरला गेला असेल, तर त्यातले २८ रुपये ५७ पैसे नुसता जीएसटी असतो. उत्पादन शुल्क त्याहून वेगळे. उरलेल्या पैशांत तंबाखू, कारखाना, कंपनी आणि घाऊक व्यापारी यांचे भागते. टपरीवाल्याचा नंबर सर्वांत शेवटी.

नोंदणीची मर्यादा ध्यानात ठेवा

नुसता माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सर्वसाधारणपणे गरज नाही, हे बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु १ एप्रिल २०१९ पासून मिळालेली ही वाढीव सवलत तंबाखूचा माल विकणाऱ्याला लागू नाही. त्याच्यासाठी मर्यादा २० लाखांचीच आहे. एखाद्या किराणा दुकानाची उलाढाल २५ लाख असेल आणि तेथे बिडी-सिगारेटही विकली जात असेल, तर नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. दुकानातील सर्व मालाची उलाढाल एकत्र धरली जाते.

रोजचा गल्ला साडेपाच हजारांचा असेल, तर वर्षाचे ३६५ दिवस धरून उलाढाल २० लाख ७ हजार ५०० रुपये होते. सिगारेट महागली की गिऱ्हाईक न वाढताही हा आकडा गाठला जातो.

कंपोझिशन योजना घेतलेल्या व्यापाऱ्याला उलाढालीवर १ टक्का कर भरावा लागतो. समजा, महिन्याला २० हजारांची सिगारेट विकली आणि शेकडा ५ रुपये सुटले, तर कमाई १,००० रुपये. त्यातले २०० रुपये करात जातील. म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा. म्हणून योजना निवडण्यापूर्वी कर सल्लागाराकडून हिशेब करून घ्यावा.

छापील किंमत आणि सुटी विक्री

कर वाढण्याची चाहूल लागली की बाजारात जुन्या मालाची साठेबाजी होते आणि जुने पाकीट नव्या भावाने विकले जाते. पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणे हा वजनमापे कायद्याखाली गुन्हा आहे. घाऊक व्यापारी छापील किमतीच्या वर पैसे मागत असेल, तर बिल मागावे. बिल मिळत नसेल, तर तो माल न घेतलेलाच बरा, कारण तपासणीच्या वेळी पुढे दुकानदार सापडतो, घाऊक व्यापारी नव्हे.

सुट्या विक्रीची गोष्ट वेगळी नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट व बिडी विकण्यास बंदी घातली. तरीही ती सर्रास विकली जाते. समजा, दहाचे पाकीट ९५ रुपयांचे आहे आणि एकेक सिगारेट १० रुपयांना दिली, तर पाकिटाचे १०० रुपये झाले. पाच रुपयांसाठी बंदीचाही भंग झाला आणि छापील किमतीचाही.

पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रासह धोक्याची सूचना नसेल, तर तो माल स्वस्त मिळाला तरी हात लावू नये. १८ वर्षांखालील मुलांना विक्री आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्री, या दोन्हींना २००३ च्या कायद्याने मनाई आहे.

ई-सिगारेट : कराचा प्रश्नच नाही

काही देशांत ई-सिगारेट कर भरून उघडपणे विकली जाते. आपल्याकडे मात्र १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. कोणी पार्सलने आणून "गुपचूप ठेवा, नफा चांगला आहे" असे सांगत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

बिडीचे काय?

सिगारेट महागली, बिडीचा कर मात्र उतरला. जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि तेंदूपानावरचा १८ वरून ५ टक्के. आपल्याच जिल्ह्यातील सिन्नर हे बिडीचे जुने केंद्र. घरी बसून बिड्या वळणाऱ्या भगिनींची मजुरी मात्र या सवलतीने आपोआप वाढत नाही. ती हजार बिड्यांच्या दरावर ठरते आणि त्यासाठी वेगळा आग्रह धरावा लागतो.

पुढचा विचार

तंबाखूच्या किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोकांनी व्यसन सोडावे हा त्यामागचा हेतू. तेव्हा हा कर पुढे कमी होईल, या आशेवर भांडवल गुंतवू नये. बांधवांनो, बिडी-सिगारेटची खरेदी व विक्री एका वेगळ्या वहीत लिहा. महिन्याअखेर किती पैसे अडकले आणि किती सुटले, ते पाहा. तेवढेच पैसे बिस्किटे, चहा पावडर, साबण, वह्या-पेनात घातले असते तर काय मिळाले असते, याचाही हिशेब करा. ज्या मालात जोखीम मोठी आणि नफा छोटा, त्याला दुकानाची दर्शनी जागा का द्यायची, याचे उत्तर ती वहीच देईल.