वाद्य कुठे संपतं? सिंथेसायझरसाठी ॲम्प्लिफायर निवडताना

आजचा विषय जरा वेगळा आहे. ऑर्केस्ट्रात, भावगीतांच्या कार्यक्रमात किंवा बँडमध्ये सिंथेसायझर वाजवणाऱ्याने ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा? तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने यावर का बोलावं, असं कुणाला वाटेल. पण या खरेदीच्या प्रश्नाखाली एक तत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. वाद्य नेमकं कुठे संपतं? त्याचं उत्तर आधी मिळालं, तर दुकानात पैसे वाया जात नाहीत. आणि हे पैसे थोडे नसतात. मानधनावर जगणाऱ्या वादकाचे कित्येक कार्यक्रम त्यात जातात.

सुरुवात गिटारपासून करू. इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली की जो सिग्नल बाहेर पडतो, तो एकटा ऐकला तर रोडका वाटतो. ज्याला आपण गिटारचा आवाज म्हणतो, तो ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मिळून घडवतात. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो. आवाज वाढवला की ॲम्प्लिफायर तो थोडा फाडतो, आणि पुष्कळदा वादकाला तेच हवं असतं. म्हणजे गिटार हे वाद्य स्पीकरच्या जाळीपाशी संपतं.

सिंथेसायझरचं तसं नाही. १९७० साली आलेला मिनीमूग घ्या. स्वर निर्माण करणारे तीन ऑसिलेटर, स्वराचा रंग बदलणारा फिल्टर, त्याचा चढउतार ठरवणारी यंत्रणा, सगळं पेटीच्या आतच. आजच्या कीबोर्डमध्ये तर रिव्हर्ब आणि कोरससुद्धा आतच असतात. वायर जिथे लावतो, तिथवर येईपर्यंत आवाज पूर्ण झालेला असतो. वाद्य तिथे संपलं. पुढच्या यंत्राने तो फक्त मोठा करायचा, त्यात भर घालायची नाही.

आपल्याकडे वेदान्तात स्फटिक आणि जास्वंदीचा दृष्टान्त देतात. स्वच्छ स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. लाली फुलाची, पण वाटते स्फटिकाची. जवळ राहून आपला गुण दुसऱ्यावर लादणाऱ्या अशा वस्तूला ‘उपाधी’ म्हणतात. गिटारचा ॲम्प्लिफायर ही सिंथेसायझरची उपाधी आहे. त्यातून घंटेचा आवाज बोथट येतो, बासरीतला श्वास हरवतो, खर्ज फाटतो. वादकाला वाटतं, कीबोर्डच हलका निघाला. मग तो नवा कीबोर्ड घेतो, आणि पुन्हा त्याच खोक्याला जोडतो.

आता थोडे आकडे पाहू. ८८ पट्ट्यांच्या कीबोर्डवरची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची, सर्वांत वरची जवळजवळ ४,१८६ हर्ट्झची. वरच्या पट्टीचे उपस्वर आणखी कितीतरी वर जातात. एवढा पल्ला एका स्पीकरला पेलत नाही. म्हणून खर्जासाठी १० किंवा १२ इंची वूफर आणि वरच्या स्वरांसाठी वेगळा ट्वीटर किंवा हॉर्न, अशी जोडी असलेली पेटी बघावी. बेस गिटारचा ॲम्प्लिफायर खर्ज चांगला सांभाळतो, पण त्यात ट्वीटर नसेल तर वरचे स्वर मंद होतात. कीबोर्ड ॲम्प्लिफायर म्हणून विकल्या जाणाऱ्या पेट्या चालतात. त्यात दोन-तीन वाद्यं किंवा माइक जोडता येतात, ही मोठी सोय. पण पुष्कळशा पेट्या मोनो असतात. माझं मत विचाराल, तर बहुतेकांना ॲक्टिव्ह स्पीकर, म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असलेला साधा पीए स्पीकर, अधिक उपयोगी पडतो. आज एक घ्या, जमेल तेव्हा दुसरा घेऊन स्टिरिओ करा.

वॅटच्या आकड्याने मात्र भुलू नका. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. शिवाय खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा ‘पीक’चा, क्षणभराचा असतो. सलग किती वॅट मिळतात ते विचारा. तरीही ताकद हाताशी राखून असावी लागते, कारण खर्ज सर्वांत जास्त ताकद खातो आणि आवाज बदलताना पातळी एकदम उडी मारते. ताकद अपुरी पडली की आवाज फाटतो, आणि सतत फाटत राहिला तर ट्वीटर जळू शकतो.

याचा हाताशीही संबंध आहे. आपलं वाजवणं ऐकू आलं नाही की हात आपोआप जोरात पडतो. आजचे बहुतेक कीबोर्ड बोटाच्या जोराप्रमाणे आवाज बदलतात. हात जड झाला की हळुवार जागा संपल्या. म्हणून स्टेजवरची पेटी पायाशी समोर तोंड करून ठेवू नका. वरचे स्वर सरळ रेषेत जातात. पेटी तिरपी करा किंवा स्टँडवर ठेवा, म्हणजे ते कानापर्यंत येतील.

स्टेजवरची पेटी तुमच्यासाठी आणि साथीदारांसाठी. प्रेक्षकांसाठी सभागृहाची यंत्रणा असते. तिथे सिग्नल डीआय बॉक्समधून पाठवा. साधी वायर पाच-सहा मीटरपेक्षा लांब नेली की वाटेत ती गुणगुण गोळा करते. डीआय बॉक्समुळे ते टळतं. एकच स्पीकर असेल तर कीबोर्डमागच्या ‘लेफ्ट/मोनो’ लिहिलेल्या जागी वायर लावा. काही रुंद स्टिरिओ आवाज मोनोत पोकळ होतात, कारण दोन्ही बाजूंच्या लहरी एकमेकींना खोडतात. हे तालमीतच तपासावं.

मांडवात जनरेटरवर किंवा निरनिराळ्या सॉकेटवर उपकरणं लावली की ‘हं…’ असा गुणगुणाट सुरू होतो. तो घालवायला काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. असं कधीही करू नका. उपकरणात बिघाड झाला तर वीज शॉकरूपाने तुमच्या हाताशी येते. डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असतं, ते दाबा. आणि सगळी उपकरणं शक्यतो एकाच जागेवरून जोडा.

आता याला अपवाद. हॅमंड ऑर्गनबरोबर वाजणारा लेस्ली स्पीकर. त्याच्यात हॉर्न गरगर फिरतो आणि स्वर थरथरतो. स्वतः लॉरेन्स हॅमंड यांना तो पसंत नव्हता, पण वादकांनी तो वाद्याचाच भाग करून टाकला. ऱ्होड्स पियानोही फेंडरच्या ट्विन रिव्हर्बमधून वाजवणारे पुष्कळ होते, आहेत. म्हणजे वाद्याची सीमा कारखान्यात कायमची ठरत नाही, वादकही ती सरकवतो. फरक एवढाच, की इथे रंग जाणून-बुजून निवडलेला असतो. आज तर लेस्लीची नक्कल कीबोर्डमध्येच मिळते, त्यामुळे बाहेरची पेटी स्वच्छच बरी.

दुकानात जाताना आपला कीबोर्ड बरोबर न्या. एक खर्ज स्वर दाबून धरा. मग घंटेसारखा टिपेचा आवाज वाजवा. मग डाव्या हाताने खर्ज, उजव्याने तंतुवाद्यं, दोन्ही एकदम, कार्यक्रमात लागेल तेवढ्या मोठ्याने. आणि मग हेच चांगल्या हेडफोनवर ऐका. पेटी हेडफोनच्या जितकी जवळ जाईल तितकी ती चांगली. दुकानदार घाई करेल, त्याला करू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.