जंगलात जाऊन आलात? ताप आला तर डॉक्टरांना सांगा

दिवाळीची सुट्टी लागली, की आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबांची पावले दाजीपूर-राधानगरीकडे वळतात. करवीर संस्थानच्या काळातील हे शिकारीचे रान १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर ठिकाणांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याची नोंद झाली. पहाटेच्या धुक्यात चरणारा गव्यांचा कळप, उंच झाडावरून झेपावणारे शेकरू, पक्ष्यांचे आवाज आणि दाट झाडीतील पायवाट हे सारे एकदा तरी अनुभवावे असेच आहे. चार-पाच तासांची अशी पायपीट प्रकृतीलाही चांगली.

जंगलात जाणाऱ्यांना भीती वाटते ती गव्याची, अस्वलाची, सापाची आणि जळवांची. ती अगदीच खोटी नाही. गव्याच्या जवळ जाऊ नये आणि वनखात्याने ठरवून दिलेली वाट सोडू नये. जळू मात्र दिसते तेवढी वाईट नाही. तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून ती सुटल्यावरही जखम काही वेळ वाहते. जखम साबणाने धुऊन स्वच्छ फडक्याने दाबून धरली की पुरते.

खरी काळजी घ्यायची ती आपल्याला दिसतही नाहीत अशा दोन किड्यांची.

पहिला किडा म्हणजे गवतात, झुडपात राहणाऱ्या माइट जातीच्या किड्याचे पिल्लू. ते टाचणीच्या टोकापेक्षाही लहान असते. चावलेले कळत नाही. त्याच्यामार्फत ‘स्क्रब टायफस’ या रोगाचे जंतू शरीरात शिरतात. नाव टायफॉईडसारखे असले तरी हा आजार वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील सैनिकांना त्याने फार छळले होते. आपल्या राज्यात २०१८ साली नागपूर आणि विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. पावसाळा संपता संपता आणि त्यानंतरचे काही महिने त्याचे रुग्ण जास्त आढळतात.

किडा चावल्यानंतर साधारण ६ ते २१ दिवसांनी थंडी वाजून ताप येतो. डोके व अंग खूप दुखते, डोळे लाल होतात, कधी अंगावर पुरळ उठते. अनेक रुग्णांच्या अंगावर चावल्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, खाजत नाही. शिवाय काख, जांघ, कंबर, स्तनाखालची जागा अशा झाकलेल्या ठिकाणी असते. त्यामुळे रुग्णाला तिचा पत्ता नसतो आणि कपडे बाजूला करून पाहिल्याशिवाय डॉक्टरांनाही ती दिसत नाही. मात्र खपली नसली म्हणजे हा आजार नाही, असे समजू नये.

या रोगाचे जंतू आपल्या शरीरातील पेशींच्या आत राहतात. त्यामुळे पेनिसिलिनच्या जातीची नेहमीची प्रतिजैविके त्यांच्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध मात्र उत्तम चालते. वेळेवर सुरू झाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर परिणाम होऊन रुग्ण दगावू शकतो. गरोदर स्त्रियांसाठी व लहान मुलांसाठी औषधाची निवड डॉक्टरांनीच करायची असते. म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत.

दुसरा किडा म्हणजे रानातील गोचीड. तिच्यामार्फत ‘माकडताप’ पसरतो. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसेही आजारी पडली आणि हा विषाणू सापडला. २०१६ मध्ये घाटाखाली आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. त्याचा हंगाम साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत. गोचीड चावल्यावर ३ ते ८ दिवसांत एकाएकी जोराचा ताप येतो. डोके आणि स्नायू असह्य दुखतात, उलट्या होतात, क्वचित हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. या विषाणूवर नेमके औषध नाही. पण वेळेवर दवाखान्यात दाखल होऊन सलाईन व देखरेख मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. अशा तापात अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. जंगलात मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्याला कळवावे.

हे दोन्ही आजार माणसाकडून माणसाला होत नाहीत. त्यामुळे रुग्णाला वेगळे ठेवण्याची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. तापाचा रुग्ण आला, की डॉक्टर विचारतात, ‘‘कुठे बाहेरगावी गेला होता का?’’ रुग्ण सांगतो, ‘‘नाही डॉक्टरसाहेब, इथेच आहे.’’ तो खोटे बोलत नसतो. दाजीपूर त्याला बाहेरगाव वाटतच नाही! आणि सहलीला दोन आठवडे होऊन गेल्यामुळे तिचा तापाशी संबंध असेल, हे त्याच्या मनातही येत नाही. मग मलेरिया, टायफॉईड, डेंग्यू यांच्या तपासण्या होतात, त्यांत काही निघत नाही आणि मोलाचे चार-पाच दिवस निघून जातात. म्हणून जंगलातून परतल्यापासून तीन आठवड्यांत कोणालाही ताप आला, तर विचारण्याची वाट न पाहता सांगावे, ‘‘डॉक्टर, मी अमुक तारखेला जंगलात गेलो होतो.’’ अंगावर काळी खपली आढळली तर लाज न बाळगता दाखवावी. गवत कापणाऱ्या, सरपण आणणाऱ्या बायाबापड्यांनी आणि गुराख्यांनी तर हे अधिकच लक्षात ठेवावे, कारण त्यांचा रानाशी रोजचाच संबंध असतो.

जाताना घ्यायची काळजी सोपी आहे :

१) पूर्ण बाह्यांचा सदरा व फिकट रंगाची पँट घालावी. पँटची टोके मोज्यांत खोचावीत. फिकट कपड्यावर गोचीड चटकन दिसते.

२) उघड्या अंगावर किडे दूर ठेवणारे मलम लावावे. मुलांना लावताना डबीवरील सूचना वाचाव्यात.

३) पाचोळ्यात किंवा गवतात बसू नये, लोळू नये. डबा खायला बसताना जाड सतरंजी अंथरावी.

४) घरी येताच साबण लावून गरम पाण्याने स्नान करावे. कानामागे, काखेत, कमरेला, जांघेत, गुडघ्यामागे नीट पाहावे. मुलांचे अंग आईवडिलांनी तपासावे. कपडे गरम पाण्यात भिजवावेत.

५) गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल ओतू नये, काडीने चटका देऊ नये, नखाने चिरडू नये. बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ, सावकाश ओढावी आणि जागा साबणाने धुवावी.

जंगलात जरूर जा, मुलांनाही न्या. फक्त परतल्यावर घरातील कॅलेंडरवर त्या तारखेला एक खूण करून ठेवा. पुढच्या तीन आठवड्यांत कोणाला ताप आलाच, तर ती खूण डॉक्टरांच्या फार उपयोगी पडेल.