'परम'चे शिल्पकार : डॉ. विजय भटकर

आपल्या हैदराबादेस संगणक हा काही नवखा पाहुणा नव्हे. १९६७ साली येथे स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कारखान्यातून देशी बनावटीचे संगणक १९७० नंतरच्या दशकातच बाहेर पडू लागले होते. महासंगणकाची गोष्ट मात्र निराळी. तो विकत घेण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि विकणारा देश वाटेल त्यास तो देत नसे.

१९८०नंतरच्या दशकात भारताने अमेरिकेकडे 'क्रे' महासंगणकाची मागणी केली. अण्वस्त्रांच्या कामी त्याचा उपयोग होईल, अशी तिकडे धास्ती! अखेर मागितल्यापेक्षा कमी शक्तीचे यंत्र, तेही हवामानाच्या अंदाजापुरते आणि नाना निर्बंध घालून, दिल्लीस आले. तेव्हा १९८८ साली पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था स्थापून सरकारने तिच्यावर महासंगणक घडविण्याचे काम सोपविले. मुदत तीन वर्षांची, रक्कम सुमारे ३० कोटी रुपयांची; आणि धुरा डॉ. विजय भटकर यांच्या खांद्यावर.

अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ साली जन्मलेल्या भटकरांनी नागपूर, बडोदे व दिल्ली येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि पुढे तिरुवनंतपुरम येथील संशोधन केंद्राचे संचालकपद सांभाळले. महासंगणक मात्र त्यांनी किंवा त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी पूर्वी कधी बांधला नव्हता.

एकच अतिवेगवान प्रोसेसर घडविणे त्या वेळी आपल्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून त्यांनी पुष्कळ साधे प्रोसेसर एकत्र जुंपण्याचा मार्ग धरला. मी कलाशाखेचा पदवीधर. मला हे तत्त्व उमगते ते आमच्या कोकणातील भातलावणीवरून. एका माणसाने दहा कुणगे लावायचे म्हटले, तर पाऊस सरून जाईल. दहा माणसे दहा कुणग्यांत उतरली की काम दिवसाभरात हातावेगळे होते. परंतु एका कुणग्याचे पाणी बांध फोडून दुसऱ्यात घ्यावे लागते, रोपांच्या जुड्या इकडून तिकडे द्याव्या लागतात. ही देवघेव अडली, तर सारेच हात रिकामे उभे! संगणकातही तसेच. इंग्लंडमधील इनमॉस कंपनीच्या 'ट्रान्सप्युटर' नामक प्रोसेसरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत. म्हणूनच या कामी त्याची निवड झाली. खरी कसोटी होती ती एकच गणित अनेकांत वाटून देणाऱ्या आणि त्यांची उत्तरे जुळविणाऱ्या आज्ञावलीची. ते काम आपल्या लोकांनी येथेच केले.

१९९१ साली 'परम ८०००' सिद्ध झाला. 'परम' म्हणजे श्रेष्ठ. शिवाय समांतर यंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे ते लघुरूपही आहे. भाषेच्या शिक्षकास असे नाव आवडावे, यात नवल ते काय? कागदोपत्री त्याचा वेग सेकंदाला १ अब्ज गणितकृत्यांचा होता. प्रत्यक्षात तो बराच कमी पडे, कारण तीच मघाची देवघेव! पण मुदत पाळली गेली होती, आणि पुढे असे एक यंत्र मॉस्कोलाही रवाना झाले.

१९९८ साली आलेल्या 'परम १०,०००'चा कमाल वेग सेकंदाला १०० अब्ज गणितकृत्यांचा होता. डॉ. भटकरांना २००० साली पद्मश्री व २०१५ साली पद्मभूषण हे सन्मान लाभले. सी-डॅकचे एक केंद्र आज आपल्या हैदराबादेतही आहे.