अश्रुधूर : स्वरूप, उगम आणि बचाव

जून 2025 मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात स्थलांतरितांची धरपकड सुरू झाली आणि तिच्या निषेधार्थ हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्या दिवसांत निदर्शकांवर अश्रुधुराची नळकांडी फोडली गेली, रबरी गोळ्याही झाडल्या गेल्या. जमाव पांगवण्याची ही साधने जगभर वापरली जातात. त्यांपैकी अश्रुधुराचे स्वरूप समजून घेतले, तर त्यापासून बचाव कसा करावा हेही उमगते.

अश्रुधूर हा खरे पाहता वायू नव्हे. सर्वाधिक वापरला जाणारा ‘सीएस’ हा पदार्थ सामान्य तापमानाला घनरूप असतो. नळकांडीतील ज्वलनाच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती निवताच हवेत अतिसूक्ष्म कण तरंगू लागतात. हे कण डोळे, श्वसनमार्ग व घामेजलेली त्वचा यांवर बसतात आणि तेथील वेदनाग्राही प्रथिनांना चेतवतात. अश्रू, खोकला आणि दाह हा त्याचाच परिणाम होय. मिरचीच्या अर्काचा फवारा मात्र निराळ्या वेदनाग्राही प्रथिनावर काम करतो. तिखट खाल्ल्यावर जीभ भाजल्यासारखी होते, ती याच प्रथिनामुळे.

या द्रव्यांचा इतिहास युद्धभूमीवरून रस्त्यावर येतो. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, 1914 मध्ये, फ्रेंच सैन्याने डोळ्यांना झोंबणारे रसायन वापरले. युद्धानंतर अमेरिकी सेनाधिकारी एमॉस फ्राइस यांनी अशी रसायने पोलिसांनी स्वीकारावीत यासाठी हिरिरीने प्रचार केला. 1932 मध्ये बोनस मागण्यासाठी वॉशिंग्टनला जमलेल्या माजी सैनिकांनाच अश्रुधूर सोसावा लागला. ‘सीएस’चा शोध 1928 मध्ये कॉर्सन व स्टॉटन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी लावला, त्यांच्या आडनावांची आद्याक्षरेच त्याचे नाव झाली. भारतात ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचा अश्रुधूर निर्मितीचा कारखाना आहे.

1993 च्या रासायनिक अस्त्रबंदी करारानुसार युद्धाचे साधन म्हणून अश्रुधूर निषिद्ध आहे. अंतर्गत कायदा-सुव्यवस्थेसाठी मात्र त्याला मुभा आहे. शत्रूच्या सैनिकावर जे वापरता येत नाही ते स्वतःच्या नागरिकावर चालते, ही विसंगती प्रस्तुत लेखकाला अस्वस्थ करणारी वाटते.

बचावाचा मुख्य उपाय म्हणजे मोकळी हवा. धुराच्या बाजूने वारा येत असेल, तर त्याला आडवे जाऊन धुराच्या पट्ट्याबाहेर पडावे आणि शक्य तर उंचावर जावे, कारण हे कण जमिनीलगत साचतात. डोळे चोळू नयेत. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा घालून जावे. कण धरून ठेवणारी तेलकट मलमे चेहऱ्याला लावू नयेत. दुधाचा उपाय अनेक जण सुचवतात, परंतु मिरचीच्या फवाऱ्यावर दूध पाण्यापेक्षा सरस ठरते असे प्रयोगात आढळलेले नाही. दूषित कपडे डोक्यावरून न ओढता शक्य तर कापून काढावेत आणि पिशवीत बंद करावेत. नळकांडे अत्यंत तापलेले असते. त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. दम्याच्या रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी अशा गर्दीपासून दूरच राहणे हिताचे.

रबरी गोळ्यांचा धोका याहून गंभीर आहे. अशा गोळ्यांमुळे होणाऱ्या इजांविषयीच्या अभ्यासांचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदलेल्या 1,984 जखमींपैकी 53 जणांचा मृत्यू झाला होता आणि 300 जणांना कायमचे अपंगत्व आले होते. म्हणून डोळ्यांना आघातरोधक चष्म्याचे संरक्षण हवे, आणि डोक्याला किंवा डोळ्याला मार लागल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

अमेरिकेत शिक्षणासाठी वा नोकरीसाठी व्हिसावर राहणाऱ्या मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शांततापूर्ण निदर्शनांना तेथील राज्यघटनेचे संरक्षण असले, तरी अटक झाल्यास तिचा परिणाम व्हिसावर होऊ शकतो. तेव्हा निदर्शनात सहभागी होण्यापूर्वी स्थलांतर कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक शाईने हातावर लिहून ठेवावा.